माणसाला नसलेला कप्पा

दोनशे चौदा नंबरच्या उंदराचं जठर
मी मोठ्या वळणाच्या कडेने कापते,
मिठाच्या पाण्यात खळबळून घेते,
बुचाच्या फळीवर टाचण्यांनी ताणून धरते.
उंदराच्या जठरात दोन खोल्या असतात.
मागची आपल्यासारखी, आम्लाची.
पुढची नुसती ओसरी :
दाणे आत आले की घटकाभर तिथे टेकतात.

एकशे चार आठवडे याने जे खाल्लं
त्यात शंभराला दोन भाग ती पांढरी भुकटी होती,
तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ती.
ओसरीच्या भिंतीला आता फुलकोबीसारखे कोंब.
मी मोजते. सात.
उकाई सर भिंगातून बघतात, म्हणतात, आठ.
आम्ही आठ लिहितो.

मग दूरच्या एका शहरात
लांब टेबलाभोवती माणसं बसली,
कानात भाषांतर, समोर पाण्याचे पेले,
आणि आमचे आठ कोंब
तक्त्याच्या एका चौकटीत जाऊन बसले.
कोणी खोटं बोललं नाही.
कोणी विकलं गेलं नाही, निदान मला तसं वाटत नाही.
डुकरांना देऊन पाहा, कोणी म्हणालं, डुकराला ओसरी नसते.
माकडांनाही पाहा.
अहवालात एक वाक्य होतं, साधं, टाइप केलेलं :
माणसाला हा कप्पा नसतो.

रोज किती चालेल तेही ठरलं, तूर्तास :
वजनाच्या दर किलोला मिलिग्रॅमचे तीन दशांश,
जन्मभर.
'तूर्तास' हा शब्द त्यांचाच. मला तो आवडला.
ताकामात्सूच्या बसमध्ये मी तिकिटामागे गुणाकार केला :
आईचं वजन एकेचाळीस किलो.
बारा पूर्णांक तीन.

आई इबुकी बेटावरची.
तिच्या लहानपणी मासळी उकडून चटयांवर वाळवत,
हवा कुंद झाली की ती पिवळी पडे.
तेल भाजलं, म्हणत तिकडे.
आग नाही, धूर नाही, आणि भाजलं.
पिवळी मासळी खताच्या भावाने जाई
आणि त्या वर्षी धाकट्यांना नव्या चपला नसत.

रविवारी ती रश्शासाठी सुकी मासळी निवडायला बसते.
पाकिटावर बारीक अक्षरांत भुकटीचं नाव आहे,
मी वाचून दाखवते.
"चष्मा लावून वाचलेलं पोटात जात नाही," ती म्हणते.
मूठभर नाकाशी धरते,
डोळे मिटून, बराच वेळ,
उकाई सर भिंगाला डोळा लावतात त्याहून जास्त वेळ.
मग एकेकीचं डोकं मोडते,
अंगठ्याच्या नखाने पोट उघडते,
आतला काळा ठिपका काढून टाकते.
कडू असतो.

वर्तमानपत्रावर काळ्या ठिपक्यांची ओळ वाढत जाते.
मी सवयीने मोजायला लागते.
तेविसाव्यावर ती माझ्या हातावर चापट मारते.
"नोबुए, पाणी बघ. उकळलंय."