कानोसा

चिलोए बेटावरच्या आमच्या बालवाडीचं
मागचं दार थेट रानात उघडतं.
मंगळवारी मी पुढच्या दाराला कडी घालते.

अकरा मुलं, बावीस गमबूट,
त्यातली एक जोडी हमखास उलटसुलट.
"हाताची घडी नको," मी सांगते, "तोंडावर बोटही नको.
नुसती एक मूठ वर धरा.
आवाज आला, की एक बोट उघडा."

पहिलं बोट सगळ्यांचं लगेच उघडतं:
रोसामेलच्या पोटात गुरगुरलंय.
चालतं. तेही आत्ता रानातच आहे.

मग चुळबुळ. मग नाकं ओढणं.
मग "काहीच येत नाहीये" असं कुणीतरी
इतक्या मोठ्यानं कुजबुजतं
की वरून बांदुरियांचा थवाच उठतो
ठणाण ठणाण करत,
जिन्यावरून रिकामी बादली सुटावी तसा.
दुसरं बोट.

शांतता हाक मारून येत नाही.
आम्ही खाली बसतो,
शेवाळाची ओल विजारीतून वर चढते,
आणि ती कधी येऊन बसली
ते कुणालाच सांगता येत नाही.

छत्रीएवढ्या नाल्काच्या पानावर
वरच्या फांदीचं पाणी: टप्प.
बऱ्याच वेळानं: टप्प.
"झाडाला उचकी लागलीय," दागोबेर्तो म्हणतो.
मी दुरुस्त करत नाही.
तिसरं.

इतक्यात चुकाओ ओरडतो,
हातभर अंतरावर, झुडपात, न दिसता.
बेटावर म्हणतात, उजवीकडून ओरडला तर शकुन,
डावीकडून ओरडला तर मुकाट घरी फिरा.
मुलांना उजवं-डावं अजून यायचंय.
ती जागच्या जागी गरागरा फिरतात,
पक्षी चांगल्या बाजूला येईपर्यंत.
शकुन असा वळवून घेता येतो
हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

चार बोटं. आयलिनची मात्र पाच.
"तो बारीकवाला. सुईसारखा. तिथं.
आत्ता. परत आत्ता."
बाकीच्यांच्या माना डोलतात, बोटं उघडतात.
मी कान देते.
पानं. लांबवर ओहोटी. आणखी पानं.

कास्त्रोच्या दवाखान्यात
एका मुलीनं कागदावर रेघ दाखवली होती,
डावीकडून सरळ चालत आलेली,
उजव्या टोकाला घसरगुंडी.
"बारीक आवाज आधी जातात," ती म्हणाली होती.
मी त्या कागदाच्या चार घड्या केल्या
आणि तो पर्समध्ये ढकलला, बसच्या तिकिटांत.

रायादितो असणार.
सव्वीस वर्षं तो मीच दाखवत आलेय
पोरांना, त्यांच्यातल्या काहींच्या आयांना.

"बाई, तुमचं बोट?"

उघडता आलं असतं. कोण मोजतंय.
"मला नाही येत तो," मी म्हणते.

कुणाला नवल वाटत नाही.
ज्याला दिसत नाही त्याला कडेवर घ्यायचं असतं,
एवढं त्यांना आयुष्यातलं ठाऊक आहे.
आयलिन माझा पंजा ओढून मांडीवर घेते,
नखानं तळव्यावर काढते:
टिक् टिक् टिक् टिक्,
मग एक लांब ओरखडा,
मग टिक्.
"आता थांबलाय. आता खातोय काहीतरी.
आता परत."

दुसऱ्या हातावर रोसामेल, कुणी न सांगता,
अख्ख्या चिकट पंजानं
समुद्र मागे नेऊ लागतो.
"हा येतो मला," मी सांगते.
"असू दे," तो म्हणतो, आणि नेत राहतो.

मी पाचवं बोट उघडलं.

परतताना चिखलानं कुणाचा तरी बूट धरला.
फस्सक्!
सगळे जागीच थबकले.
कुणाकडेच बोट शिल्लक नव्हतं.
मग दागोबेर्तोनं, एका पायावर लटपटत,
दुसरी मूठ वर केली.