गेटापर्यंत

गाडी आली त्या संध्याकाळी
मनीषनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये
बेचाळीस अंशांतही माणसं जमली.
नारळ फुटायच्या आधी मतं फुटली.

तिसऱ्या मजल्यावरचे लांजेवार म्हणाले,
"एवढे लाख दिले अन् आवाजच नाही?
माणसानं निदान घरघर तरी ऐकावी."
रहांगडालेंच्या पोरानं बोनट उघडायला लावलं.
आत इंजिनाच्या जागी रिकामा टब.
"यात काय ठेवता काकू, सांभार?"
ठेवला मी, पुढच्याच बुधवारी, बाजारातून येताना.
सांभार टिकतो. मेथी मान टाकते.

बॅटरी बसली की कळेल, असं म्हणणारा
प्रत्येक इमारतीत एक असतो.
आमच्याकडे दोन आहेत
आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

सेक्रेटरींनी चार्जरचा अर्ज चार महिने दाबला,
आग लागली तर जबाबदार कोण, या एका ओळीखाली.
त्याच पार्किंगमध्ये त्यांचे तीन सिलिंडर
मीटरच्या पेटीला टेकून उभे होते.

कंपनी म्हणते साडेचारशे किलोमीटर.
नवऱ्याची वही म्हणते,
मे महिना, एसी दोनवर, तीनशे वीस.
समृद्धीवर एकशेवीसनं हाकली
तर आकडा असा उतरतो
जसा पगार, सात तारखेनंतर.
यवतमाळला नणंदेकडे जाऊन येता येतं,
तिच्याशी भांडून लगेच निघालो तरी.
वर्ध्याला चार्जर आहे.
तो चालू असतो तेव्हा त्याच्यापुढे
एक पांढरी टॅक्सी झोपलेली असते.
सात सीट लिहिल्यात कागदावर;
सातवा म्हणजे रुसलेला भाचा,
गुडघे हनुवटीला लावून.

हे सगळं खरं आहे. मी नाही म्हणत नाही.

पण मी शोरूमला टेप घेऊन गेले होते.
पोरगा म्हणाला, मॅडम, सनरूफ पाहता?
नागपुरात? छपराला भोक पाडून ऊन विकत घेऊ?
मी जमिनीपासून सीट मोजली. अठ्ठावीस इंच.
जुन्या गाडीत बाबांना विहिरीत सोडल्यासारखं सोडावं लागे,
जेठांच्या जीपवर पोत्यासारखं चढवावं लागे.
इथे ते नुसते टेकले, वळले, आणि बसले.
किंमत मी तिथेच वसूल धरली.
हे कोणाला पटवता येत नाही,
ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला तर नाहीच.

बाबा एकतीस वर्षं कोराडीत होते.
कान टर्बाईननं केव्हाच नेले;
बेअरिंगवर तळवा ठेवून
मशीनची तब्येत सांगायचे.
पहिल्या दिवशी डॅशबोर्डवर तसाच हात ठेवला,
बराच वेळ.
"नाडी लागून नाही राहिली, पोरी."
चालू आहे, मी ओरडून सांगितलं.
ते माझ्याकडे असे पाहत राहिले
जसं मीच काहीतरी लपवते आहे.

परवा रात्री दीडला पलंग रिकामा.
खाली आले तर पार्किंगमध्ये
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले,
मुठीत चार्जरची केबल. कोमट.
"येऊन राहिली," म्हणाले.
कोण?
"आपल्या कोराडीची."

सासूबाई होत्या तोवर
कॉलनीतल्या दोरीवरचं प्रत्येक लुगडं
दोनदा झटकायच्या,
एकदा राखेसाठी, एकदा रागासाठी.
मग राखेचं काय, हे मी बाबांना विचारलं नाही.
धूर गेला कुठे? शहराच्या उत्तरेला उभा आहे,
आमच्या नावाचा थोडा, सगळ्यांच्या नावाचा बराच.
लांजेवारांना हे सुचलं नाही, बरं झालं.

"युनिटला किती पडते?"
मी आकडा सांगितला. ते हसले,
आपल्याच दुकानात जास्त भाव लागल्यासारखे.
मग म्हणाले, उद्या तिकडं ने.

"देवीला?" मी त्यांच्या बऱ्या कानात विचारलं.

"नाही. गेटापर्यंत."

जाऊन-येऊन बारा टक्के.
वहीत लिहिलं आहे.