फितूर

ट्रिफिटचा पहिला धडा असा:
कार्प पकडायचा तर आधी एक सोडून द्यायचा.

मी हसते. तो हसत नाही.
भुलीतला नर ओल्या फोमवर आडवा,
कल्ले संथ, तोंडाशी आखूड मिशा.
पोटाला चीर, आत शेंगेएवढं यंत्र,
वर तीन टाके. ट्रिफिटचे टाके
बायकोपेक्षा सुबक, हे बायकोच सांगते.

मग पाण्यात. क्रमांक एकेचाळीस.
शेपटीचा एक फटकारा
आणि गेला आपल्या माणसांत.

तास्मानियाच्या या उंच माळावर
नोव्हेंबर म्हणजे वसंत,
तरी पहाटे होडीच्या काठावर बर्फाची साय.
कपडे वाळत घालायच्या काठीसारखा
अँटेना उंच धरून मी ऐकते.
टिक. टिक.
"घाई नको, ब्रॉनी. ऊन पाण्यात मुरू दे.
तो उथळात येईल, लव्हाळ्यात,
आणि एकटा येणार नाही."

गळाचं विचारलं तर म्हणाला,
गळ पोरांच्या हौशीला. मक्याच्या दाण्याला
दोन-चार लागतात, तळं रिकामं होत नाही.
एका मादीच्या पोटात दहा लाख अंडी असतात,
तू मोजत बस.

दलदलीच्या तोंडाशी जाळं टाकून
आम्ही वल्ह्यांनी पाणी बडवतो.
सात माद्या. मांडीएवढ्या.
त्यांनी उकरलेल्या गाळाने तळ्याचा चहा झालेला,
त्यात इथला बोटभर सोनेरी मासा
आपल्याच घरात चाचपडत फिरतो.
म्हणून. हे "म्हणून" मी रोज घोकते,
लाकडी दांडका उचलण्याआधी.

एकेचाळीसला मात्र जाळ्यातून अलगद सोडवायचं,
टाके बघायचे, पाठीवर पाणी ओतायचं.
जा बाबा.
तो जातो. पुन्हा शोधून काढतो उरलेसुरले,
पुन्हा आम्ही त्याच्या मागोमाग.
दुसऱ्या वसंतात पाच. तिसऱ्यात दोन.
मग एक म्हातारी, एका डोळ्याने आंधळी.

फितूर म्हणतात त्याला ऑफिसात, कौतुकाने.
फितुराला निदान ठाऊक असतं.

यंदा पाणी तापलं तसा तो आला.
तीन दिवस लव्हाळ्यात फेऱ्या,
त्याच त्या, डावीकडून उजवीकडे.
जाळं ओढलं तर आत तो आणि शेवाळ.
वहीत रकाना आहे: सोबत किती.

पायबस बाईंचा निरोप आलाय,
काम संपलं असेल तर त्यालाही आणा.
ट्रिफिट थर्मासचं झाकण घट्ट करतो,
उघडतो, पुन्हा घट्ट करतो.
"खात्री नको का?" पाण्याकडे बघत म्हणतो,
"बॅटरी मार्चपर्यंत चालेल."
मी जाळ्याची कड खाली दाबून धरते.
टिक. टिक.
लांब जातंय.