तीन मैल

वही माझ्याकडे आली ती मी चिटणीस होते म्हणून नाही,
ऑर्फा टनस्टॉलची नजर गेली म्हणून.
पहिल्या पानावर तपकिरी पडलेली शाई:
१८७१. माणसं अकरा. खेचर एक, उपदेशकाचं.

तो सहा आठवड्यांतून एकदा यायचा नेब्रास्काच्या त्या गवतातून.
साचलेलं सगळं एका दिवसात उरकायचं:
दोन बाप्तिस्मे, एक लग्न,
आणि ज्याला केव्हाच पुरून झालं त्याच्यासाठी प्रार्थना.

लाकूड नव्हतंच. गवताळ मातीच्या ढेपा रचून
पहिलं देऊळ उभं केलं.
एकदा उपदेश चालू असताना छतातून साप पडला.
वहीत नोंद आहे, आणि लगेच खाली, त्याच अक्षरात:
"उपदेश आटोपता घेण्यात आला."

टोळ आले त्या वर्षी वर्गणी, शून्य.
वर्गणी, शून्य.
तिसऱ्या रविवारी: अंडी, सहा.

फळ्यांचं देऊळ झालं पुढे, पांढरं, घंटेसकट.
आणि आगगाडी गेली तीन मैल उत्तरेकडून.
दुकान गेलं तिकडे, लोहार गेला, टपाल गेलं.
मग लेम्युएल हॅस्केट म्हणाला, देऊळही नेऊ.

जमीन गोठायची वाट पाहिली.
ओंडक्यांवर देऊळ, पुढे चव्वेचाळीस घोडे,
आत बाकांना दोर बांधलेले.
शनिवारी अंधार पडला तेव्हा ते दीड मैलावर होतं,
कुबात नावाच्या बोहेमियन माणसाच्या शेतात,
मक्याच्या धसकटांत.
रविवारी काम करायचं नाही.
म्हणून मंडळी चालत तिथे गेली, शिडी लावून आत चढली.
कुबात कॅथलिक. कुंपणापाशी टोपी काढून उभा राहिला,
मग घरी जाऊन शेगडीसाठी
पोतंभर मक्याची बुरकुंडं घेऊन आला.
आत मात्र आला नाही.

मागे राहिल्या एकोणीस कबरी.
त्याही हलवाव्यात असा ठराव आला.
ऑर्फाची आजी उठली, बायकांना मत नव्हतं तरी उठली:
"माझं लेकरू मी एकदा पुरलंय.
दोनदा पुरणार नाही."
ठराव तिथेच बारगळला.

तेव्हापासून प्रत्येक मयतीला तीन मैल.
पेटी कबरीत उतरेपर्यंत पोरांनी दोर ओढत राहायचं.
वारा दक्षिणेचा असला
तर तिकडे काही ऐकू जायचं नाही. तरी ओढायचं.

धुळीच्या वर्षांत प्रभुभोजनाचे पेले
पालथे मांडलेले असत, शेवटच्या क्षणी सुलटे करत.
द्राक्षाचा रस तळाशी किंचित कचकचायचा, म्हणे.
नंतर चांगले दिवस: हजेरी एकशे अडतीस,
कोंबडीच्या जेवणावळीला शेजारच्या परगण्यातून माणसं.
नंतर ट्रॅक्टर मोठे झाले, शेतं मोठी झाली.
एकाच्या शेतात आता सात घरांच्या विहिरी,
बुजवलेल्या.

शेवटच्या सभेला आम्ही सात.
पाच विरुद्ध दोन. दोघींपैकी एक मी.
घंटा लिलावात गेली.
इमारत एका डॉलरला घेतली मिलोश कुबातनं, त्या कुबातच्या पणतवानं.
ट्रेलरवर, चाळीस मिनिटांत,
त्याच्या शेतात नेऊन ठेवली.
नेमकी कुठे थांबली होती ते त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
आता तिच्यात बियाण्याचा मका असतो.
मी एकदा आत गेले. उपदेशपीठाशी पोत्यांची थप्पी,
आणि कोरडा, गोडसर वास,
जो खरं तर तिथे आधीपासूनच होता.

ऑर्फा जानेवारीत गेली.
गाड्या कबरस्तानाकडे निघाल्या, मी सगळ्यांत मागे.
दीड मैलावर मिलोश बाहेर उभा,
देवळाची दोन्ही दारं उघडी टाकून.
घंटा नव्हती म्हणून
धान्याच्या कोठीच्या पत्र्यावर पाना मारत होता.
वारा दक्षिणेचा.
किती ठोके, ते मोजायचं राहून गेलं.
रात्री वहीत लिहिलं:
बरेच.