ऐंशी हर्ट्झ

पाथर्डी फाटा, तिसरा मजला.
खालच्या खैरनारांना विचारून
रविवारी साडेअकरा ते एक, एवढीच मुभा.

सबवूफर सोफ्यावर बसवलाय पाहुण्यासारखा
आणि मी गुडघ्यांवर, भिंतीभिंतीनं,
कान फरशीजवळ नेत रांगतोय.
जिथं घुमणं सपाट लागेल, ती त्याची जागा.
कोपऱ्यात माजतो.
दाराशी नाहीसाच होतो.
शोकेसपाशी नुसते काचेचे पेले बोलतात.
रेवती रिमोट धरून हसतेय,
"बाबा, अजून थोडं डावीकडे."

क्रॉसओव्हर एकशेवीसवर होता तेव्हा
बातम्या देणारा माणूस
चपलांच्या रॅकमागून बोलू लागला.
शंभर. अजून अर्धा तिकडंच.
ऐंशीवर तो उठून पडद्यात जाऊन बसला,
खाली राहिली ती फक्त जमीन.

नाना आतून आले.
अंबडला एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर;
वरचे आवाज मशीननं आधी नेले:
कुकरची शिट्टी, दारावरची बेल,
नातीच्या बोलण्यातले स आणि श.
काय चाललंय, विचारलं नाही.
चपला काढल्या, अनवाणी पाय फरशीवर ठेवले,
आणि थांबले.
"शंभर टनी दिसतंय," म्हणाले,
"पण फाउंडेशन कच्चं आहे. खाली रबर घाल."

घातलं. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे.
खैरनारांचा फोन आला नाही.
फेज शून्य की एकशेऐंशी,
ते मात्र मी मीटरवर नाही,
नानांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून ठरवलं.