ओलाव्याची वजावट

सकाळी सहाला चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन.
काटा एक फरशी डावीकडे सरकवला,
ब्याऐंशी पूर्णांक नऊ.
उतरलो, चढलो,
त्र्याऐंशी सहा.
मधल्या वेळात मी फक्त खोकलो होतो.

बावीस वर्षं मी खाणीच्या काट्यावर बसलो,
डिचोलीपासून सात किलोमीटर,
काचेमागे, एक पंखा आणि एक रजिस्टर घेऊन.
भरलेला ट्रक यायचा, आकडा लिहायचा.
ओतून परत यायचा, रिकामा आकडा लिहायचा.
वजाबाकी माझी, सही माझी.
माल ओला असला तर
ओलाव्याचे शंभरात आठ कापायचे, तेही मीच.
दहा टनांत वीस किलो इकडेतिकडे झाले
की पणजीहून वजनमापेवाले साहेब यायचे,
लोखंडी वजनं उतरवायचे,
आणि ते जाईपर्यंत मला चहा गोड लागायचा नाही.

आता ही काचेची पाटी,
म्हापशाच्या शुक्रवारी घासाघीस करून आणलेली,
न्हाणीत माझ्याशी रोज खोटं बोलते.
किंवा खरं बोलते,
पण तीनदा.

डॉक्टर धुमे म्हणाल्या, चवथीपर्यंत पाच किलो.
पाव सोडला.
पोदेराचा पोंपों वाड्यावर आला
की उठून काट्यावर उभा राहतो,
दुसरं करणार काय.
मंगळवारी नुसती पेज आणि तोराचं लोणचं,
बुधवारी आठशे ग्रॅम जास्त.
बुधवारी सुंगटांचं हुमण, दोनदा भात,
गुरुवारी कमी.
असला हिशेब दुसऱ्या कुणाच्या वहीत दिसला असता
तर मी लाल पेन काढला असता.

एकदा सिलिंडरच उचलून ठेवला वर.
त्याच्या गळपट्टीवर रंगवलेलं असतं,
रिकामं वजन, पंधरा तीन.
माझं कुठे रंगवलंय?
लग्नाच्या फोटोत बघितलं.
कोट आहे, आकडा नाही.

बाबुसो माजिक नावाचा एक ड्रायव्हर होता.
भरलेला ट्रक आणताना क्लीनर आत,
रिकामा आणताना क्लीनर चहाला.
वर खिडकीशी येऊन मलाच विचारायचा,
'काटो बरोबर आसा मू, भाऊ?'
मी त्याला कितीदा पकडला.
आता मीही घड्याळ काढतो, जानवं काढतो,
श्वास सोडून उभा राहतो,
टॉवेलच्या दांडीला दोन बोटं, नुसती टेकवलेली.
शेवटी चष्माही काढतो,
आणि मग खालचा आकडा दिसत नाही.

म्हणून सुलक्षाला हाक मारतो.
ती चुलीकडून येते, हाताला खोबऱ्याचा वास,
दारातूनच वाकते.
'ब्याऐंशी पाच,' म्हणते,
'काल ब्याऐंशी आठ होते ना?
मग? उतरतंय की.'
महिनाभर असंच उतरतंय,
आणि पँटचं बटण मात्र तिथंच अडतंय.

काल चष्मा दाराच्या कडीला अडकवून ठेवला होता, हाताशी.
ती आकडा सांगून वळली, मी घातला.
पंच्याऐंशी.
चष्म्याचं वजन अडीच किलो नसतं.

खाण बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात
रात्रभर अवकाळी कोसळला होता,
आणि सकाळी बाबुसोचा ट्रक काट्यावर चढला.
ताडपत्रीतून लाल पाणी गळत होतं.
आत क्लीनर, क्लीनरचा भाऊ,
दोघांच्या मांडीवर मिळून एक नारळाचं पोतं.
बाबुसो खाली उतरला नाही,
काही विचारलंही नाही.
मी काचेतून बघितलं, सगळ्यांकडे,
आणि आला तो आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात: माल कोरडा.

'पेज निवली,' आतून सुलक्षा म्हणाली.
'आलो,' म्हटलं.
काटा पायानं सरकवून
परत त्या डावीकडच्या फरशीवर ठेवला.
वही उघडली,
तारीख घातली,
ब्याऐंशी पाच लिहिले,
आणि खाली सही केली.