पिशवीतली गाय

दोल्गोर मांसाच्या पट्ट्या कापते,
बोटभर जाड, हातभर लांब,
आणि तंबूच्या छताखाली दोरीवर टाकते
ओल्या मोज्यांसारख्या.

मीठ नाही लावत? उलानबातरहून आलेली सून विचारते.
नाही.
धूर?
चुलीचा लागेल तेवढाच.
मग टिकवतं कोण?
दोल्गोर हनुवटीने दार दाखवते.
बाहेर उणे तीस.

धाकट्या उल्झीचा प्रश्न वेगळा:
ही तीच ना, कपाळावर पांढरा ठिपका होता ती?
सुरा थांबत नाही.
तीच. दोरी नीट धर.

फेब्रुवारीत पट्ट्यांचं लाकूड होतं.
उल्झी ओंडक्यावर ठेवून हातोडीने कुटतो,
आणि अख्खी गाय,
धार काढताना लाथ झाडणारी,
नदी ओलांडायला साफ नकार देणारी,
तिच्याच मूत्राशयाच्या पिशवीत मावते.
वर थोडी जागा उरतेसुद्धा.

किती दिवस राहील?
सुनेला अजून शंका आहे.
पिशवी रिकामी होईपर्यंत.

जूनमध्ये, लांबच्या कुरणावर,
उकळत्या पाण्यात एक मूठ भुगा.
वाफेला गोठ्याचा नाही,
नुसता जेवणाचा वास.
उल्झी वाटीत बघत बसतो थोडा वेळ,
सगळं पितो,
मग वाटी पुन्हा पुढे करतो.